ज्याचं नाव त्यानंच पुसायचं

चाळीस माणसं दर बुधवारी संध्याकाळी एका पत्र्याखाली बसू लागली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. त्यात ती प्रार्थना करणारी असतील तर विचारूच नका! माणूस देवाला जे सांगतो ते शेजारच्या सतरंजीवरही ऐकू जातं. घरी जाताना कुणीतरी ते कुणाला तरी सांगतं आणि पुढच्या बुधवारपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो.

आमची मंडळी लातूरची. मंडळी म्हणजे चर्चमधली माणसं. इमारतीला आम्ही नुसतं 'हॉल' म्हणतो. माझे पप्पा तिथले पाळक, म्हणजे पास्टर. हॉलमध्ये लाकडी तिपाईवर एक मोठा काळा फळा आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव त्यावर लिहायचं. प्रार्थना ऐकली गेली की ज्याचं नाव आहे त्याने स्वतः येऊन ते पुसायचं आणि सगळ्यांसमोर दोन शब्द साक्ष द्यायची, म्हणजे काय घडलं ते सांगायचं. दुसऱ्याने पुसलेलं चालत नाही.

हा नियम कुठल्या धर्मसभेने केलेला नाही. तो भूकंपाने केला.

* * *

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी दहा वर्षांची होते. किल्लारीकडची गावं पहाटे बसली आणि संध्याकाळपर्यंत आमचा हॉल माणसांनी भरून गेला. पप्पांनी फळ्यावर हरवलेल्यांची नावं लिहायला घेतली.

तिसऱ्या दिवशी औशाकडून याकोबमामा चालत आले. हॉलमध्ये शिरले, फळा वाचला आणि एकदम तडकले.

"माझं नाव कुणी लिवलं रे? मी हरवलो न्हाई! मी घरीच हाय!"

पप्पा म्हणाले, "मग पुसा की, मामा."

मामांनी धोतराच्या सोग्याने स्वतःचं नाव खसाखसा पुसलं आणि वळून पाहिलं, तर अख्खा हॉल रडत होता. मामा गडबडून गेले. "हाय मी," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

आमच्या मंडळीतली ती सगळ्यात छोटी साक्ष. अजून कुणी तिच्या वर गेलेलं नाही.

त्यानंतर जो सापडेल तो येऊन आपलं नाव पुसायचा. जे कधीच येणार नाहीत असं कळलं, त्यांची नावं पप्पा ओल्या फडक्याने पुसायचे. फडकं बादलीत बुचकळून पिळून द्यायचं काम माझं होतं.

शेवटी फळ्यावर एकच नाव उरलं. दावीद.

दावीद म्हणजे मार्थाआजीचा एकुलता एक मुलगा. मार्थाआजी दवाखान्यात आया होती. निम्म्या मंडळीला पहिली आंघोळ तिनेच घातलेली. दावीद गवंडी. त्या रात्री तो कामासाठी उमरग्याला होता. त्याची बायको सुनंदा आणि तीन वर्षांची पिंकी मात्र घरात होत्या. घर दगडामातीचं, त्याने स्वतः बांधलेलं. दोघी गेल्या. दावीद जिवंत आहे, त्याला नांदेडच्या स्टेशनवर पाहिलं, असं दोघातिघांनी येऊन सांगितलं. पण आईकडे तो आला नाही.

आजीने त्या नावाभोवती खडूने चौकट काढली. खाली लिहिलं, 'पुसू नये'. अक्षरं पुसट झाली की बुधवारी येऊन गिरवायची. अशी चौदा वर्षं.

पप्पा दोनदा नांदेडला जाऊन आले. पहिल्या वेळी दावीद त्यांच्याशी बोलला नाही, दुसऱ्या वेळी तो कामाची जागाच सोडून गेला होता. मग आजीनेच सांगितलं, "राहू द्या साहेब. धरून आणला तर तुमच्यासाठी येईल, माझ्यासाठी न्हाई."

* * *

भूकंपानंतर पप्पांनी मला शिकायला तमिळनाडूला पाठवलं होतं. चौदा वर्षांनी मी परत आले ती एक डिग्री, एक गिटार आणि मराठवाड्याच्या उद्धाराची संपूर्ण योजना घेऊन!

पहिल्याच बुधवारी मी प्रार्थना केली. डोळे मिटून, हात वर करून, लातूरच्या तरुणांपासून सुरुवात करून मांजरा धरणातल्या पाण्यापर्यंत सगळं देवाच्या कानावर घातलं. डोळे उघडले तेव्हा मागच्या सतरंजीवरची दोन पोरं झोपली होती.

मार्थाआजीने मला जवळ बसवलं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "लई छान केलीस, माय. पण देवानं लातूर बघितलंय. त्याला पत्ता सांगत बसू नको, काम सांग."

पुढच्या महिन्यात मी पांढरा बोर्ड आणला. मार्कर, डस्टर, सगळा सेट. काळा फळा आता रिटायर करू, असं जाहीर करून टाकलं. आजी उठली, नव्या बोर्डावर एक रेघ ओढली आणि करंगळीने पुसली. रेघ गेली.

"हे तर नुसतं बोट लागलं तरी जातंय की! त्या काळ्यावरचं पुसायला जोर लागतोय. देवाला तेवढी तरी सवड दे!"

पांढरा बोर्ड सध्या संडे स्कूलच्या खोलीत आहे. मुलं त्याच्यावर हत्ती काढतात.

* * *

देवणीचे योहानदादा शेतकरी. त्यांचा राजा नावाचा बैल उदगीरच्या बाजारातून चुकला. काळे-पांढरे ठिपके, रुंद कपाळ, अस्सल देवणी! दादांनी फळ्यावर लिहिलं, 'राजा'. नव्या माणसांना वाटलं देशाच्या राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना चाललीय.

दीड महिन्याने बैल सापडला, पार कर्नाटकाच्या हद्दीत. दादा पेढे घेऊन आले आणि खुशीत डस्टर उचलला.

"थांबा!" याकोबमामा ओरडले. "नाव कुणाचंय? तुमचं हाय का?"

"मामा, बैल हाय तो!"

"बैल असू दे न्हाईतर कलेक्टर. नियम म्हंजे नियम!"

सगळे पप्पांकडे बघू लागले. पप्पांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "देवाने त्याला आणलंय, आपण त्याला टेम्पोने आणू."

पुढच्या बुधवारी राजा टेम्पोतून उतरला. आम्ही फळा उचलून अंगणात आणला. दादा त्याला समजावत होते, "पूस रे राज्या, पूस!" मामा म्हणाले, "तिकडं राहून कन्नड झालाय तो, कन्नडमधी सांगा!" बैल फळ्याकडे गेला, हुंगू लागला आणि जीभ काढून चाटायलाच लागला. खडूत चुना असतो ना! 'राजा' गेलं. टाळ्या! पण बैल थांबेना. शेजारचं एका पोराचं परीक्षेसाठी लिहिलेलं नाव गेलं, एका काकूंची गुडघेदुखी गेली, आणि जीभ कोपऱ्यातल्या चौकटीकडे निघाली.

मार्थाआजी धावली. या वयात ती धावू शकते हे कुणालाच माहीत नव्हतं. तिने दोन्ही तळहात चौकटीवर दाबून धरले. बैल तिचे हात चाटत राहिला, खरखरीत, एका लयीत. आजी डोळे मिटून उभी होती. लोक हसत होते, मीही हसत होते.

बैलाला बाजूला घेतल्यावर तिने हात हळूच उचलले. नाव फळ्यावर होतं. थोडं तिच्या तळव्यावरही उमटलं होतं. त्या दिवशी ती हात न धुता घरी गेली.

* * *

सकाळी आमच्या हॉलमध्ये, त्याच फळ्याच्या मोकळ्या अर्ध्या भागावर, फिजिक्सचा क्लास भरतो. लातुरात हल्ली मोकळी भिंत दिसली की तिथे क्लास सुरू होतो! आमचे सर हाडाचे शिक्षक. मंडळीतले नाहीत, पण पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "या कोपऱ्याचं काय?" आजीने सांगितलं. त्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या आकृत्या त्या चौकटीला वळसा घालून जातात. त्यांच्या आकृतीत हवेत फेकलेला चेंडूसुद्धा चौकटीच्या अलीकडेच जमिनीवर पडतो.

एकदा अहमदपूरच्या एका नव्या विद्यार्थ्याने वहीत सगळं उतरवून घेतलं. आकृती, सूत्र आणि कोपऱ्यातली चौकटही. मग हात वर केला.

"सर, हे दावीद काय आहे?"

क्लास खो-खो हसला. सर हसले नाहीत.

"स्थिरांक आहे," ते म्हणाले. "बाकी सगळं बदलतं. हे बदलत नाही."

ही गोष्ट मी आजीला सांगितली. तिने विचारलं, "स्थिरांक म्हंजे काय?" मी समजावलं. ती म्हणाली, "सरांना म्हणावं, मला तो बदललेलाच बरा."

* * *

एस्तेर आमच्या मंडळीतली हुशार मुलगी. मेडिकलसाठी सीईटी दिली, नंबर लागला नाही. एक वर्ष रिपीट केलं. घरातला टीव्ही कपाटात, आईची शिवणाची मशीन आवाज होतो म्हणून बंद. फळ्यावर तिचं नाव आईनेच लिहिलं होतं, सगळ्यात वर.

दुसरा निकाल लागला. पुन्हा नाही. त्या बुधवारी तिची आई पदर तोंडाला लावून बसली होती. एस्तेर उठली, डस्टर घेतला आणि आपलं नाव पुसून टाकलं.

याकोबमामा मान वर करून बघू लागले. प्रार्थना ऐकली गेली असेल तरच पुसायचं ना!

एस्तेर साक्ष द्यायला वळली. "नंबर लागला नाही. पण काल मी दोन वर्षांत पहिल्यांदा झोपले. मला वाटायचं नंबर लागला नाही तर देव मला सोडेल. नाही सोडलं. बास."

मी चौदा वर्षं शिकून आले होते, माझ्या मनात बायबलमधली तीन वचनं तयार होती, त्यातलं कुठलं म्हणावं ते मी निवडत होते. सगळ्यात आधी मार्थाआजीचा आवाज आला. "आमेन! आणि मशीन चालू कर गं, एस्तेरच्या आई. माझी चोळी पडून हाय."

* * *

आजीची एक सवय मला फार उशिरा लक्षात आली. प्रार्थना संपली की ती सगळ्यांत आधी दारातल्या चपलांकडे बघते. मंडळीतल्या सगळ्यांच्या चपला तिला पाठ आहेत.

एका बुधवारी तिथे पुरुषाच्या मोठ्या, धुळीने भरलेल्या अनोळखी चपला होत्या. आजीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. "कुणाच्या गं?"

तेवढ्यात हॉलच्या मागून एक माणूस आला. "झालं रीडिंग," म्हणाला, चपला घातल्या आणि निघाला. लाइटच्या मीटरवाला!

आजीने माझं मनगट सोडलं. मग त्याला हाक मारली. "ए बाबा, दमून आलास. पाणी पिऊन जा."

त्याच रात्री मी ठरवलं, नांदेडला जायचं. आजीला न विचारता.

* * *

दावीद सापडायला मला दोन दिवस लागले. नांदेडच्या बाजारात ताडपत्रीचं एक दुकान होतं, तिथे तो मशीनवर बसून शिवत होता. दाढी पिकलेली, खांदे मात्र अजून गवंड्याचे. मी पाळकसाहेबांची मुलगी म्हटल्यावर त्याने पाय थांबवला.

"बांधकाम सोडलं?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"ताडपत्री बरी," तो म्हणाला. "अंगावर पडली तर कुणी मरत न्हाई."

मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं सुरू केलं. देवाचं प्रेम, त्याची योजना, आईची वाट बघणं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "फळा हाय का अजून?"

"आहे! तुमचं नाव आहे. आजी दर बुधवारी गिरवते."

"मी आलतो," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी. मी गावाकडं पोचलो तेव्हा सगळ्यांना एकदमच अग्नी दिलता. मला तोंडं बघायला मिळाली न्हाईत. कुणी म्हणालं, लातूरला फळ्यावर नावं हायत, जो सापडतो तो आपलं पुसतो. म्हणलं, नाव तर बघू. खिडकीतून बघितलं. आई मला हुडकायला बाहेर गेलती. माझं नाव होतं. त्या दोघींच्या जागी नुसतं वल्लं होतं."

मशीनवरची ताडपत्री त्याने उगाच सरळ केली.

"ताई, तुमी शिकून आलात. मला एक सांगा. ज्याचं नाव त्यानंच पुसायचं ना तुमच्यात? मग सुनंदाचं कुणी पुसलं? माझ्या पिंकीचं कुणी पुसलं?"

मला माहीत होतं कुणी पुसलं. फडकं मीच पिळून दिलं होतं.

मी त्याला ते सांगितलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लहान होता तुमी," आणि पुन्हा मशीन सुरू केली.

* * *

परत आल्यावर मी पप्पांना आणि आजीला समोरासमोर बसवून सगळं सांगितलं. आजी चिडेल असं वाटलं होतं. ती उठली, खडू आणला आणि पप्पांच्या हातात ठेवला.

"साहेब, तुमी पुसलं. तुमीच लिवा."

पप्पांचा चेहरा उतरला. "मार्थाबाई, आपल्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ती देवाजवळ आहेत. आता मागायचं काय?"

"मी कुठं काय मागायलेय?" आजी म्हणाली. "प्रार्थना न्हाई करायची. हजेरी घ्यायची. देवाजवळ हायत म्हणता ना? मग नाव घ्यायला काय हरकत?"

मी आयुष्यात पुष्कळ प्रवचनं ऐकली. पण दुसऱ्याचं प्रवचन ऐकून पप्पांना लगेच उठलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते फळ्याजवळ गेले. चौकट मोठी केली. दावीदच्या खाली लिहिलं, 'सुनंदा'. त्याच्या खाली, 'पिंकी'. लिहून झाल्यावर खडू हातात धरून तसेच उभे राहिले. मग तिथेच, फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "मला क्षमा कर." देवाला म्हणाले की दावीदला, मी विचारलं नाही.

मी त्याच दिवशी नांदेडला एक पोस्टकार्ड टाकलं. गिटार नाही, योजना नाही, वचन नाही. एकच ओळ: 'फळ्यावर आता तीन नावं आहेत. बुधवारी आजी हजेरी घेते.'

सरांनी आकृत्या आणखी लहान केल्या.

* * *

तेव्हापासून बुधवारची शेवटची प्रार्थना झाली की आजी फळ्याजवळ जायची. नजर अधू झालेली, म्हणून अगदी नाकाला फळा लागेल अशी उभी राहायची, आमच्याकडे पाठ करून. नावावर बोट ठेवायची. मोठ्याने वाचायची. प्रत्येक नावानंतर थांबायची, वर्गात बाई थांबतात तेवढंच. मग पुढचं नाव. तिसरं झालं की, "चला, च्या घ्या," म्हणायची.

पहिल्या बुधवारी लोकांना कसंसंच झालं. दुसऱ्या बुधवारी याकोबमामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. नंतर सगळ्यांनाच सवय झाली. पोस्टकार्डाचं उत्तर आलं नाही. उन्हाळा गेला. सीईटीचा निकाल लागला, नवी नावं आली, जुनी पुसली गेली. एस्तेर नर्सिंगला लागली. आजी गिरवत होती, वाचत होती, थांबत होती.

त्या बुधवारी माणसं कमी होती. पाऊस होता, पत्रा वाजत होता. शेवटची प्रार्थना झाली. आजी फळ्याजवळ गेली. बोट ठेवलं.

"दावीद."

थांबली.

दारातून, चपलांच्या ढिगाजवळून, आवाज आला.

"हजर."

याकोबमामा अर्धे उठले आणि पुन्हा बसले. पप्पांनी माझा हात धरला. मी वळून पाहिलं. तो भिजलेला उभा होता, काखेत घडी घातलेली ताडपत्री, पायांत चपला नव्हत्या, त्या त्याने आधीच ढिगात नीट लावून ठेवल्या होत्या.

सगळा हॉल दाराकडे बघत होता. एकटी आजी तेवढी वळली नाही. तिचं बोट फळ्यावरच होतं. हजेरी अजून संपली नव्हती. बोट खालच्या ओळीवर आलं.

"सुनंदा," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी थांबली.